हाताला ठाऊक असलेली जागा

फोनवर डॉक्टरांची बायको एवढंच म्हणाली होती, “मिस्त्री, गाडी सुरू होत नाहीये. तुम्ही तिच्यात काहीतरी लपवून ठेवलंय ना? ते येऊन काढून टाका.”

काढून टाका. वाटभर ते शब्द मिस्त्रीच्या डोक्यात खडखडत राहिले. किडलेला दात काढून टाकतात, पायातला काटा काढून टाकतात. मुलगी टेम्पो चालवत होती आणि तो शेजारी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. वय त्रेसष्ट. दोन्ही गुडघे गेलेले, नजर अर्धी गेलेली, आणि हल्ली सकाळी डोळे उघडले की पहिला विचार परत कधी मिटता येतील याचा यायचा.

तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. सगळ्या गाड्यांचा नव्हे. डोंगरात, खडकात, नदीच्या पात्रात जाणाऱ्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचा. त्या बाजूला अशा गाड्या बऱ्याच होत्या. मोजणीवाल्यांच्या, खडीवाल्यांच्या, बोअर पाडणाऱ्यांच्या, आणि वरच्या वस्त्यांवर गुरं तपासायला जाणाऱ्या डॉक्टरांची एक. चोरांचा डोळाही त्यांच्यावरच असे. साधी गाडी चोरली तर ती रस्त्यानेच न्यावी लागते. रस्त्यावर नाका असतो, नाक्यावर शिपाई असतो, शिपाई कधीकधी जागाही असतो. जिला रस्ताच लागत नाही ती गाडी चोर ओढ्यातून खाली उतरवतो. मग बसा शोधत.

अशा गाडीत मिस्त्री एक लहानसा स्विच लपवायचा. किल्ली कितीही फिरवा, तो स्विच दाबल्याशिवाय इंजिनला डिझेल पोचत नसे. तो कुठे आहे हे दोघांनाच ठाऊक असायचं, मालकाला आणि मिस्त्रीला. मालकाच्या बायकोला नाही, भावाला नाही, ड्रायव्हरलासुद्धा नाही. त्यावरून त्याला ‘घुम्या’ हे नाव पडलं. पाठीमागे लोक चोरांचा सासराही म्हणायचे, कारण त्याच्या दारातून चोर जावयासारखे रुसून परत जात.

स्विच तो स्वतःच्या मनाने बसवत नसे. आधी मालकाला गाडीत बसवायचा आणि सांगायचा, काही वेगळं करू नका, रोज बसता तसे बसा. आता उतरा. परत बसा. अर्धा तास, कधी पाऊण तास. लोक वैतागायचे, “अहो, लग्न जमवताय की वायर जोडताय?” असं विचारायचे. तो दारापाशी उकिडवा बसून त्यांचे हात बघत राहायचा. खडीवाला बसल्या बसल्या सीटखाली काडेपेटी चाचपायचा. मोजणीवाला आरसा पिरगळायचा. एक कंत्राटदार दर खेपेला दाराच्या फटीत बोट घालून दार नीट लागलंय का ते बघायचा आणि दर खेपेला बोट चेमटवून घ्यायचा. जिथे हात न विचारता जातो तिथे मिस्त्री स्विच बसवायचा. मालकाला काही लक्षात ठेवावं लागत नसे. आणि चोराला तो सापडत नसे, कारण चोराचे हात चोराच्या सवयी घेऊन आलेले असतात.

तीस वर्षांत अशा एकशे चाळीस गाड्या झाल्या. कागदावर एकही नाही.

“आई म्हणायची ते खोटं नव्हतं,” मुलगी कधीकधी म्हणे. तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. ती म्हणायची, तुमच्या पोटात एकशे चाळीस गाड्या मावतात, आणि मला सांगायला एक शब्द निघत नाही. त्यावरही मिस्त्री काही बोलला नव्हता. बोलायला हवं होतं, हे त्याला ती गेल्यावर कळलं. कळून उपयोग नव्हता म्हणून तेही तो कुणाला बोलला नाही.

डॉक्टरांच्या फाटकाशी टेम्पो थांबला तेव्हा दहा वाजले होते. घर बैठं, पुढे सिमेंटचं अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली ती गाडी. रंग कधीकाळी हिरवा असावा. बंपर दोन ठिकाणी आत गेलेला, एका बाजूला बैलाच्या शिंगाची लांब रेघ. ओसरीत, गाडीसमोर तोंड करून, डॉक्टर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. दुसऱ्या कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हे दुसरं जास्त विचित्र होतं, कारण बोलण्याच्या बाबतीत डॉक्टर म्हणजे फुटलेला पाट. माणसांशी बोलत, गुरांशी बोलत, चढावर गाडीशी बोलत. एवढ्या शब्दांतून आता एकच शिल्लक राहिला होता.

“कसे आहात डॉक्टर?” मिस्त्रीने विचारलं.

“बरं,” डॉक्टर म्हणाले.

“बरंच म्हणतात ते,” बायको आतून हात पुसत येत म्हणाली. “चहा हवा का, बरं. नको का, बरं. परवा म्हटलं, मी विहिरीत उडी टाकू का? तर बरं.” ती हसली, पण हसणं अर्ध्यात सोडून दिलं, उचलायला जड झालेली वस्तू ठेवून द्यावी तसं. “बसा मिस्त्री. तूही बस गं. नाही, नका बसू, चार वाजता तो नवा डॉक्टर यायचाय.”

मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या जागी तरुण डॉक्टर आला होता, त्याच्याकडे साधी मोटरसायकल होती आणि वरच्या वस्त्यांवर ती चढत नव्हती. गाडी त्याला देऊन टाकायचं तिने ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात तो न्यायला आला, नवीन बॅटरी घेऊन आला, तासभर किल्ली फिरवून घामाघूम होऊन परत गेला.

“आज सुरू झाली तर चालवत नेणार, नाही झाली तर ओढून नेणार. क्रेन सांगून ठेवलीय त्याने.”

“डॉक्टरांना विचारलंत?” मिस्त्री म्हणाला.

“विचारलं ना.”

“काय म्हणाले?”

“आता तुम्हीही थट्टा करा.” तिने ओसरीच्या कट्ट्यावर टेकल्यासारखं केलं आणि लगेच उठली. “मिस्त्री, तीन वेळा पडलेत ते. मी आत गेले की खुर्चीतून उठतात आणि गाडीत चढायला जातात. एका पायावर. एकदा डोकं फुटलं. मला उचलत नाहीत हो. मी शेजाऱ्यांना हाका मारत बसते. गाडी समोर आहे तोवर हे थांबणार नाहीत. मी आंघोळसुद्धा दार उघडं टाकून करते.”

मिस्त्रीने मान हलवली. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर गाडीकडे पाहत होते.

स्विच कुठे आहे हे मिस्त्रीला आठवत नव्हतं. हे त्याने टेम्पोत मुलीला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, गाडीजवळ गेलं की आठवेल, नेहमी आठवतं. तो वाकून आत शिरला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि डोळे मिटले. बावीस वर्षांपूर्वी याच सीटवर बसलेले डॉक्टर आणायचा प्रयत्न केला. आवाज आला, हसणं आलं, हात आले नाहीत. सीटखाली हात घालून त्याने पट्टी चाचपली. गंज, माती, एक जुना खिळा. तो आणखी आत चाचपत राहिला.

“काय शोधताय?” मुलीने दारातून विचारलं.

“ते बसल्या बसल्या सीटखाली हात घालायचे. काडेपेटी.”

मुलगी दारातून आत वाकली. मग हळू म्हणाली, “बाबा, डॉक्टर बिडी ओढत नाहीत. काडेपेटी खडीवाल्याची.”

मिस्त्रीने हात बाहेर काढला आणि गंज लागलेल्या बोटांकडे पाहत राहिला. एक सवय दुसऱ्या माणसाच्या अंगावर जाऊन बसली होती. म्हणजे डोक्यात आता कोण कुठल्या गाडीत बसलंय याचा भरवसा उरला नव्हता. त्याला एकदम सगळ्या एकशे चाळीस गाड्यांचा थकवा आला.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आरशाच्या मागे, दाराच्या फटीत, हेडलाइटच्या बटणाखाली, हातब्रेकच्या बुडाशी, सगळीकडे त्याने आणि मुलीने पाहिलं. बाईंनी मधल्या काळात गाडी धुऊन, आतलं सामान काढून, सतरंजीसुद्धा काढून ठेवली होती. गाडी इतकी रिकामी होती की लपवायला जागाच दिसत नव्हती, आणि तरी सापडत नव्हतं.

शेवटी मिस्त्री ओसरीवर गेला. “डॉक्टर, तुम्हीच दाखवा. बोटाने दाखवा.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले आणि डावं बोट उचलून बोनेटकडे दाखवलं.

मिस्त्रीने बोनेट उघडलं. नव्हतं. डॉक्टरांनी मागच्या चाकाकडे दाखवलं. मिस्त्री गुडघ्यांवर बसला, मग पाठीवर निजला, मग गाडीखाली सरकला. तिथे काही नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने चाकाजवळ कधी काही बसवलं नव्हतं. तो सरपटत बाहेर आला तेव्हा डॉक्टरांचं बोट धुराच्या नळीकडे होतं. आणि डॉक्टरांच्या तोंडाची डावी, शाबूत असलेली बाजू किंचित वर गेली होती.

मिस्त्री तसाच जमिनीवर बसून राहिला.

“काय झालं?” मुलगी म्हणाली.

“त्यांना आठवतंय,” तो म्हणाला. “सगळं आठवतंय. ते सांगत नाहीयेत. आपल्याला फिरवतायत.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? त्यांची गाडी आहे.”

मुलीने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. “मग राहू दे. बोनेट उघडंच आहे. बॅटरीपासून थेट एक वायर टाकते पंपाला. दहा मिनिटांत सुरू होईल. गाडी त्या पोराला मिळेल, बाईंना सुटका मिळेल, आपल्याला जेवायला घरी जायला मिळेल.”

“हे चोराचं काम आहे.”

“चोराला दहा मिनिटं कुणी देत नाही म्हणून ते चोराला जमत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. आपल्याला दिलीत त्यांनी. सकाळपासून दोन तास दिलेत.”

तिचं बरोबर होतं. मिस्त्रीला तिच्याशी भांडायचं नव्हतं, भांडायला ताकद लागते. त्याने फक्त पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसला.

गॅरेज काढलं त्या पहिल्याच वर्षी एका बोअरवाल्याची गाडी त्याच्याकडे वायरिंगला आली होती, आणि ती त्याच्या शेडमधून चोरीला गेली. बोअरवाल्याने आरडाओरडा केला नाही. तो महिनाभर रोज यायचा, शेडमध्ये गाडी उभी होती त्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहायचा, तेलाच्या डागाकडे बघायचा आणि जायचा. मिस्त्रीची बायको त्याला पाणी द्यायची. महिन्याने तो म्हणाला, “तू चोर नाहीस हे मला माहीत आहे. पण तुझ्या हातून गेली ना.” नंतर तो आला नाही. स्विचचं काम मिस्त्रीने त्यानंतर सुरू केलं. आणि दर मालकाला, स्विच बसवून झाला की, तो एकच वाक्य सांगायचा. तुम्ही सांगाल तेव्हाच, तुमच्याशिवाय कुणालाही नाही. डॉक्टरांनाही सांगितलं होतं. डॉक्टर तेव्हा हसून म्हणाले होते, “माझ्या बायकोने विचारलं तर?” आणि मिस्त्री म्हणाला होता, “तर मी बहिरा.”

गाडी आज जाणार होती, यात काही प्रश्न उरला नव्हता. चालत नाहीतर क्रेनला लटकून. जायलाही हवी होती; त्या बाईच्या डोळ्यांखालचे खड्डे बघून कुणीही तेच म्हटलं असतं. पण ती डॉक्टरांनी दिली असती तर गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर, वायर जोडून काढून नेली तर तिला एकच नाव होतं. आणि ते काम मिस्त्रीच्या हातून होणार होतं.

“वहिनी,” त्याने हाक मारली. “डॉक्टरांना गाडीत बसवायचंय.”

बाई दारात आल्या. “काय?”

“मी आणि मुलगी उचलतो. पडणार नाहीत.”

“मिस्त्री, तुम्हाला काही कळतं का? चार महिने मी ज्यापासून लांब ठेवतेय—”

“स्विच गाडीत नाहीये,” मिस्त्री म्हणाला. गिऱ्हाइकाच्या बायकोला स्विचबद्दल काही सांगायची त्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे तो मध्ये थांबला. “त्यांच्या हातात आहे. ते बसल्याशिवाय मला दिसणार नाही.”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग, विरोध करायलाही उभं राहावं लागतं आणि तेवढं त्यांच्याच्याने होणार नव्हतं म्हणून असेल, त्या म्हणाल्या, “करा काय ते.”

उचलणं सोपं नव्हतं. मुलीने काखेत हात घातले, मिस्त्रीने पाय धरले, त्याच्या गुडघ्यात सुया गेल्या. डॉक्टरांनी डाव्या हाताने दाराची चौकट पकडली, आणि त्या हातात अजून एवढा जोर होता की शेवटी त्यांनी स्वतःला स्वतःच आत ओढून घेतलं. सीटवर बसल्यावर त्यांनी श्वास सोडला. चार महिने आत धरून ठेवल्यासारखा. मुलीने गिअर मोकळा आहे ना ते पाहिलं आणि चाकाखाली दगड लावला.

मिस्त्री दारापाशी उकिडवा बसला.

डॉक्टर समोर बघत होते. उजवा हात मांडीवर पडलेला होता, त्याच्याकडून काही कळणार नव्हतं. डावा हात स्टीअरिंगवर एकदा वरून खाली फिरला. गिअरच्या दांड्यावर क्षणभर बसला. मग तो हात मागे गेला, दोन सीटच्या मधून, मागच्या जमिनीकडे. आणि तिथे हवेतच, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्याने काहीतरी बंद केलं. झाकण. नसलेलं झाकण दाबून त्याने नसलेली कडी लावली.

औषधांची पेटी. पत्र्याची, मोठी, कायम तिथेच खिळवलेली. गाडी चढाला लागली की झाकण उघडून बाटल्या सांडत, म्हणून डॉक्टर निघण्याआधी दर खेपेला मागे हात घालून कडी तपासत. मिस्त्रीला आता तो दिवस आख्खा आठवला, हातासकट. बाईंनी पेटी काढून नव्या डॉक्टरला आधीच पाठवून दिली होती. पेटी गेली तशी आठवणही गेली. जमिनीवर स्क्रूची चार भोकं उरली होती, ती सकाळपासून त्याच्या डोळ्यांसमोर होती.

हात आता हवेतून खाली उतरायला लागला होता, पेटीच्या बुडाशी जी पट्टी होती तिच्याकडे. आणि अर्ध्यावर थांबला.

डॉक्टरांनी मान वळवून मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री कुठे पाहतोय ते त्यांनी पाहिलं. हात चटकन मागे घेऊन मांडीवर, दुसऱ्या हातावर ठेवला. शाळेतली पोरं पाटीवरचं झाकतात तसा.

“मिळाला?” मागून बाईंनी विचारलं.

मिस्त्रीने डॉक्टरांच्या हातावरून नजर काढली नाही. “बघतोय,” तो म्हणाला.

“बघतायत,” बाई स्वतःशी म्हणाल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. “बघा. सगळे बघतच असतात.”

मुलीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “कुठे आहे? मी दाबते. तुम्ही बाजूला व्हा, तुमच्यावर यायला नको.”

“तू टेम्पोत जाऊन बस.”

“बाबा.”

“मग उभी राहा. पण गप्प.”

तो सीटच्या आणखी जवळ सरकला. आता तो बोलला ते डॉक्टरांशीच, बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात.

“मी जागा पाहिली. तुम्हालाही कळलंय मी पाहिली ते. मी हात लावणार नाही.” तो थांबला. “मी वहिनींना सांगेन, मला मिळाला नाही. ते खोटं मी सांगेन, माझं नाव खराब झालं तरी. पण त्याने गाडी राहणार नाही. चारला तो येईल आणि क्रेनने ओढून नेईल, पुढची चाकं वर करून. ते मला थांबवता येत नाही. एवढंच माझ्याकडे आहे. तुम्ही दाबलात तर मी किल्ली फिरवीन.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रीने त्या बरंकडे लक्ष दिलं नाही. तो त्यांचा हात बघत राहिला. हात हलला नाही.

दुपार झाली होती. छपराचा पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. मिस्त्रीला उकिडवं बसवेना म्हणून तो खाली जमिनीवरच पाय पसरून बसला, दाराला पाठ टेकून. असं बसल्यावर त्याला डॉक्टर दिसत नव्हते आणि डॉक्टरांना तो. हे बरं होतं. कुणाच्या तोंडाकडे बघत वाट पाहणं म्हणजे मागणंच असतं. किती वेळ गेला कोण जाणे. मुलगी मडगार्डला टेकून उभी होती, नखातला गंज काढत. एकदा तिने घड्याळ पाहिलं आणि तीन बोटं दाखवली.

मग मिस्त्रीला जाणवलं की बराच वेळ बाई काही बोलल्या नाहीत.

त्याने ओसरीकडे पाहिलं. पायरीवर बसल्या बसल्या बाईंना झोप लागली होती. डोकं खांबाला टेकलं होतं, तोंड उघडं पडलं होतं, एक चप्पल पायातून निसटून खालच्या पायरीवर गेली होती. हातात अजून तो पुसायचा फडका होता. झोपेतही मूठ सुटली नव्हती. कुणी हाक मारलीच तर लगेच उठता यावं अशा बेताने झोपल्यासारख्या. पण इतक्या आतपर्यंत गेलेली झोप की एक माशी गालावरून नाकापर्यंत चालत गेली तरी भुवई हलली नाही.

मिस्त्रीने मागे वळून वर मान केली. डॉक्टरही तिकडेच बघत होते.

चार महिने ते त्या ओसरीत गाडीकडे तोंड करून बसत होते आणि बाई त्यांच्या मागे, घरात, असत. आज पहिल्यांदा ते गाडीत होते आणि समोरच्या काचेतून त्यांना ओसरी दिसत होती. रिकामी खुर्ची, आणि तिच्या पायाशी ही बाई. त्यांनी पाहिलं, आणि पाहणं थांबवलं नाही. जनावराच्या गोठ्यात शिरल्यावर बोलघेवडे डॉक्टर पहिली पाच मिनिटं अजिबात बोलत नसत, नुसतं बघत. उभं कसं आहे, श्वास कसा घेतंय, भार कुठल्या पायावर देतंय. मिस्त्रीने ते एकदा पाहिलं होतं. तसं ते आता बघत होते. त्यांच्या तोंडाची एक बाजू ढिली होती म्हणून तिच्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्या बाजूवर जे उमटलं ते पाहायला नको म्हणून मिस्त्रीने मान फिरवली.

मागे पत्र्यावर नख घासल्यासारखा आवाज झाला. मग बारीक टिक.

मिस्त्री उठला. उठायला त्याला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. डॉक्टरांचा डावा हात सीटच्या मधून मागे गेलेला होता आणि तिथेच होता. मिस्त्रीने वाकून स्टीअरिंगपलीकडे हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. काळा धूर अंगणभर पसरला. छपराचे पत्रे थरथरले, कुठेतरी एक सैल खिळा वाजायला लागला. मुलीने चटकन ओसरीकडे पाहिलं.

बाई उठल्या नाहीत. डिझेलच्या त्या सगळ्या गडगडाटात त्या तशाच, तोंड उघडं टाकून, झोपलेल्या होत्या.

“उठवू?” मुलीने ओठांनीच विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. नाही. शब्द वापरला नाही, नुसती मान, डावीकडे आणि परत. चार महिन्यांत त्यांनी कुणालाही दिलेलं ते पहिलं ‘नाही’ असेल.

“बंद करू?” मिस्त्रीने विचारलं.

परत नाही.

ते बसून राहिले. डावा हात पुढे आला आणि गिअरच्या दांड्यावर टेकला. दांडा इंजिनाबरोबर कापत होता, त्याबरोबर हात कापत होता, हातावरून ते कंपन खांद्यापर्यंत जात होतं. डॉक्टर कुठेही जात नव्हते. नवा डॉक्टर यायला तासाभराचा अवकाश होता. तोवर त्यांना उतरवायचं, खुर्चीत बसवायचं, ती खुर्ची दुसरीकडे तोंड करून ठेवायची की तशीच ठेवायची हे बघायचं. बरंच काम होतं आणि मिस्त्रीला त्यातलं काही आत्ता सुरू करायचं नव्हतं. त्याने दार उघडं धरून ठेवलं, कारण मिटलं तर डॉक्टर एकटे पडतील असं त्याला वाटलं.

ऊन खांबावरून सरकत बाईंच्या डोळ्यांवर यायला लागलं होतं. मुलगी ओसरीपाशी गेली. तिने निसटलेली चप्पल उचलून कट्ट्यावर ठेवली, मग पायरीपुढे उन्हाच्या वाटेत जाऊन, पाठ करून उभी राहिली. तिची सावली झोपलेल्या तोंडावर नीट पडेपर्यंत अर्धं पाऊल डावीकडे सरकली, आणि तिथे थांबली.